सीएनजी गाडीतलं प्रेशर उतरवणं : वर्कशॉपच्या नोंदी

३ जून

आजपासून काम सुरू. प्रशिक्षण वर्कशॉपमधल्या सीएनजी कारची गॅस लाइन उघडण्याआधी प्रेशर कसं उतरवायचं, याची एकच पक्की पद्धत ठरवायची, ती सगळ्या मुलांकडून करून घ्यायची आणि मग तक्ता करून भिंतीवर लावायचा. गाडी पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर चालते. किट बाहेरून बसवलेलं, सिक्वेन्शियल, म्हणजे इंजेक्टरमधून पाळीपाळीने इंजिनात गॅस सोडणारं. डिकीत ६० लीटर पाण्याच्या क्षमतेचं लोखंडी सिलिंडर. या सिलिंडरची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने करायच्या चाचणीची) मुदत पुढच्या महिन्यात संपते, म्हणजे ते उतरवावंच लागणार. शिकवायला याहून चांगला मोका नाही.

हे काम आत्ताच का, तेही लिहून ठेवतो. आमच्याकडची बरीच मुलं सकाळी वर्ग करतात आणि दुपारी गॅरेजवर जातात. तिथे त्यांनी पाहिलेली पद्धत एवढीच, की डिकीतला व्हॉल्व्ह बंद करायचा, नट थोडा ढिला करायचा, ‘फुस्स’ होऊ द्यायचं आणि आवाज थांबला की पाना लावायचा. बहुतेक वेळा काही होत नाही, म्हणून ती पद्धत बरोबर आहे असं त्यांना वाटतं. २०० बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण २०० पट दाबाच्या लाइनवर हात घालणाऱ्या पोराला ‘बहुतेक वेळा’ देऊन चालणार नाही.

५ जून

पाना हातात घेण्याआधी लाइनचा नकाशा काढला. गाडी लिफ्टवर घेऊन सिलिंडरपासून इंजिनापर्यंत प्रत्येक जोड हाताने चाचपून फळ्यावर मांडला.

सिलिंडरच्या तोंडावर व्हॉल्व्ह, त्याला हाताने फिरवायचा नॉब. त्याच व्हॉल्व्हमध्ये बर्स्ट डिस्क (दाब अति वाढला की फाटणारी चकती) आणि वितळणारा प्लग. आग लागली तर हा प्लग साधारण ११० अंशांना वितळतो आणि सिलिंडर फुटण्याऐवजी गॅस बाहेर पडतो. व्हॉल्व्हभोवती गॅसबंद पिशवी, तिच्या नळ्या गाडीखाली बाहेर काढलेल्या. तिथून स्टीलचा पाइप गाडीच्या पोटाखालून बॉनेटमध्ये येतो. बॉनेटमध्ये गॅस भरायचा व्हॉल्व्ह. त्याच्या आत गॅस उलटा फिरू न देणारी झडप, आणि त्याच अंगावर लाइन बंद करायचा आणखी एक नॉब, हा मधला नॉब. तिथून आखूड पाइप रिड्यूसरला, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या भागाला. रिड्यूसरच्या तोंडावर प्रेशर गेज, शेजारी सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारी झडप. त्यापुढे रबरी नळ्या आणि इंजेक्टरची रेल. तिथे दाब जेमतेम दोनेक बार.

हा नकाशा समोर आला तेव्हा वर्गातल्या एका मुलीने विचारलं, “सर, गेज रिड्यूसरवर आहे. मग मधला नॉब बंद असेल तर मागच्या पाइपचं प्रेशर गेजला कसं कळणार?”

सगळ्या प्रकल्पाचा गाभा या प्रश्नात आहे. कळणार नाही. मधला नॉब बंद करून इंजिन चालवलं तर आखूड पाइप रिकामा होतो, काटा शून्यावर बसतो, आणि गाडीखालचा लांब पाइप मात्र तसाच २०० बारने भरलेला राहतो. ज्याने गेज पाहून डिकीतला नट सोडला, त्याच्या तोंडावर तो सगळा गॅस येणार. काटा जिथे बसवलाय तेवढ्याच तुकड्याबद्दल बोलतो. म्हणून फळ्यावर लाइनचे चार तुकडे वेगवेगळ्या खडूने रंगवले: सिलिंडर, लांब पाइप, आखूड पाइप, कमी दाबाची बाजू. प्रत्येक तुकडा रिकामा झाल्याचा पुरावा वेगळा मागायचा.

७ जून

आज हिशोब केला. धोका ‘खूप’ आहे असं नुसतं सांगून मुलांच्या डोक्यात काही उतरत नाही, आकड्याने उतरतं.

पाइप बाहेरून ६ मिलिमीटर, आतून ४. लांबी चार मीटर धरली. आतली जागा निघते ५० मिलीलीटर, चहाच्या कटिंगपेक्षाही कमी. पण त्या जागेत गॅस २०० बारला कोंबलेला आहे. बाहेर सोडला की तोच गॅस १२ लीटरच्या आसपास होतो. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की पेटतो. १२ लीटर गॅस हवेत मिसळून ५ टक्क्यांपर्यंत आला की २४० लीटर पेटणारं मिश्रण तयार होतं. म्हणजे लहान गाडीची डिकी जवळपास भरली. हे नुसत्या पाइपातल्या गॅसचं गणित आहे, सिलिंडर अजून हिशोबात धरलेलंच नाही.

आणि ठिणगी केवढी लागते? एका मिलिज्यूलच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. नायलॉनचा शर्ट घालून सीटवरून उठलेल्या माणसाच्या बोटातून दाराच्या हँडलवर उडणारी ठिणगी याहून मोठी असते. डिकीचा दिवा, दरवाजाचा स्विच, बॅटरीची सैल टर्मिनल, सगळे त्यात आले.

दुसरा हिशोब जोराचा. २०० बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २०० किलो. ४ मिलिमीटर भोकावर २५ किलो बसतात. नट शेवटच्या आट्यावर असताना पाइप सुटला तर तो एवढ्या जोराने उडतो. सिलिंडरच्या तोंडाचे आटे २५ मिलिमीटरच्या आसपास असतात. तिथे भरलेल्या सिलिंडरचा जोर जवळजवळ एक टन होतो. त्यामुळे सिलिंडरच्या मानेतून व्हॉल्व्ह काढायला आमच्या वर्कशॉपमध्ये कुणी हात लावायचा नाही. ते काम पेसोने, म्हणजे स्फोटकं आणि गॅस सिलिंडरांची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, मान्यता दिलेल्या टेस्टिंग स्टेशनचं. पेसोचं मुख्यालय नागपुरात आहे. या सगळ्या सिलिंडरांचे नियम तिथून चालतात ही गोष्ट मुलांना माहीत नव्हती. मुंबई-दिल्लीत कुठेतरी असेल असं त्यांना वाटत होतं.

१० जून

आज पद्धत प्रत्यक्ष करून पाहिली. गाडी शेडबाहेर, उघड्यावर. आजूबाजूला वेल्डिंग, ग्राइंडर, सिगारेट काही नाही. मोबाइल आत टेबलावर. कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी. सगळ्यांना गॉगल.

इंजिन आधी पेट्रोलवर चालवून गरम केलं. याला कारण आहे. दाब पडताना गॅस थंड होतो. २०० बारवरून एकदम खाली येताना तो शून्याच्या बराच खाली जातो, म्हणूनच रिड्यूसरमधून इंजिनाचं गरम पाणी फिरवलेलं असतं. थंड इंजिनावर हे काम केलं की रिड्यूसर आतून गोठतो, गॅस अडकतो आणि काटा खोटं सांगतो.

मग गाडी गॅसवर घेतली. बॉनेटमधला मधला नॉब पूर्ण उघडा आहे हे हाताने तपासलं. त्यानंतरच डिकीतला सिलिंडरचा नॉब घड्याळाच्या दिशेने बंद केला. हा क्रम महत्त्वाचा. सिलिंडरच्या बाजूने पहिलं बंद करायचं, त्यापुढचं सगळं उघडं ठेवायचं आणि पाइपातला गॅस इंजिनाला खाऊ द्यायचा. आयडलिंगला इंजिन मिनिटाला दहाएक ग्रॅम गॅस खातं आणि पाइपात आठेक ग्रॅम असतो. त्यामुळे मिनिटाच्या आसपास काटा खाली येतो. मुलांनी घड्याळ लावून पाहिलं, हिशोब जुळला. आपण फळ्यावर मांडलेलं गाडीत खरं ठरताना पाहून त्यांचे चेहरे उजळले, मलाही फार बरं वाटलं.

दोन इंधनांच्या गाडीत एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. गॅस कमी झाला की गाडी बंद पडत नाही, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आपणहून पेट्रोलवर जातो आणि सोलेनॉइड मिटतो. तेव्हा लाइनमध्ये थोडा गॅस उरलेलाच असतो, दोन-चार बार. गेजच्या पहिल्या रेघेच्या खाली काटा असला की तो शून्यासारखाच दिसतो. म्हणून स्विच पुन्हा गॅसवर दाबायचा, इंजिन थोडा वेळ ओढेल तेवढं ओढू द्यायचं, आणि गॅसवर अजिबात टिकत नाही असं दिसेपर्यंत हे करायचं. एक विद्यार्थी म्हणाला, त्यांच्या गॅरेजवर पेट्रोल पंपाचा फ्यूज काढतात म्हणजे गाडी गॅस संपला की बंदच पडते. चालतं तेही, पण फ्यूज परत बसवायचा राहिला की गिऱ्हाईक रस्त्यात अडकतं. आमच्या पद्धतीत तो घेतला नाही.

नंतर चावी बंद, चावी खिशात, बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. आणि मग काहीच न करता थांबलो.

१२ जून

त्या थांबण्यावर वेगळी नोंद करतो. तक्त्यातून ही पायरी गाळू, असं दोघा-तिघांनी सुचवलं. गाळणार नाही.

सिलिंडरचा नॉब बंद केला म्हणजे गॅस बंद झाला असं नाही. व्हॉल्व्हची आतली सीट, म्हणजे झडप टेकून बंद होते ती जागा, झिजली असेल किंवा तिच्यात कचरा अडकला असेल, तर गॅस केसाएवढ्या फटीतून येत राहतो. इंजिन चालू असताना ते कळत नाही, कारण जेवढा येतो तेवढा इंजिन खातं. इंजिन बंद झाल्यावर मात्र तो पाइपात साठायला लागतो.

आज शेजारच्या गॅस-किटच्या दुकानातले मिस्त्री काका त्यांच्याकडे आलेली एक जुनी टॅक्सी दाखवायला घेऊन आले, खास मुलांसाठी. सिलिंडर बंद, लाइन रिकामी, काटा शून्यावर. पंधरा मिनिटं बॉनेटभोवती उभे राहिलो. काटा आधी जागचा हलला, मग पहिली रेघ ओलांडून वर सरकत गेला. कुणी काही बोललं नाही. एकाने विचारलं, “काका, उन्हाने तापून वाढलं असेल का?” काकांनी समजावलं, “तापायला आत गॅस तर पाहिजे ना बाळा. रिकाम्या पाइपात ऊन काय वाढवणार? हा मागून येतोय.”

अशी गाडी आली तर लाइन उघडायचीच नाही. गॅसवर चालवून सिलिंडर जवळजवळ रिकामं करायचं आणि ते मान्यता असलेल्या केंद्रावर पाठवायचं. नॉब पक्कडीने आवळून सीट आणखी चिरडायची नाही. काकांनी मुलांना हे दोनदा सांगितलं. इतकी वर्षं हाताने काम केलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकणं माझ्या चार तासांच्या तासिकेपेक्षा जड आहे.

थांबल्यावर काटा हलला नाही, तरच पाना. दोन पाने लागतात, एकाने जोडाचं अंग धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर केला तर पाइप पिळतो. तोंड बाजूला, पाइपाच्या सरळ रेषेत कुणी उभं नाही. नट जेमतेम पाव फेरा सोडायचा आणि कान द्यायचा. बारीक ‘स्स’ येईल आणि काही सेकंदांत विरेल. विरला नाही, किंवा जोर तसाच राहिला, तर कुठला तरी तुकडा भरलेला आहे. नट परत बसवायचा, बाजूला व्हायचं आणि नकाशा पुन्हा पाहायचा. गळणारा जोड प्रेशरखाली जोर लावून आवळायचा नाही, हाही नियम तक्त्यावर ठळक अक्षरात.

१७ जून

पाऊस लागला. सगळे म्हणाले, गाडी आत घेऊ. मी नको म्हणालो, आणि त्यावर बराच वाद झाला.

एलपीजीची सवय असलेल्यांना वाटतं की गॅस खाली बसतो, म्हणून जमिनीलगतची दारं उघडली की झालं. सीएनजी हवेच्या जवळपास अर्ध्या वजनाचा, तो वर जातो. आमच्या शेडला पत्र्याचं छप्पर, मधोमध कण्याला कुठेही फट नाही, आणि बरोबर तिथेच ट्यूबलाइटची ओळ. गॅस साठायला याहून वाईट जागा नाही. दारं सताड उघडी ठेवली तरी वरचा गॅस तिथेच राहील. वासावरही विसंबून चालणार नाही. मिथेनला स्वतःचा वास नसतो, त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं, आणि नाक त्या वासाला थोड्या वेळात सरावतं.

शेवटी मागच्या अंगणात चारही बाजूंनी उघडी, उतरत्या पत्र्याची पडवी आहे, तिथे जागा आखली. वर दिवा नाही, वायर नाही. जमिनीवर पिवळा पट्टा मारला. गॅसच्या गाडीचं काम इथेच होईल. पाऊस जोराचा असेल तर काम पुढे जाईल.

२१ जून

मुलांना घेऊन शहरातल्या एका सीएनजी बस डेपोत गेलो. कारमध्ये एक सिलिंडर, बसमध्ये सहा-आठ, प्रत्येकाला आपला व्हॉल्व्ह, आणि सगळे एका सामाईक पाइपाला जोडलेले. त्यातला एक जरी उघडा राहिला तरी अख्खी लाइन भरलेली. तिथले मेकॅनिक प्रत्येक व्हॉल्व्ह बंद केला की त्याला लाल पट्टी बांधतात आणि शेवटी पट्ट्या मोजतात. मोजणारा माणूस बंद करणाऱ्यापेक्षा वेगळा. ही शिस्त मला फार आवडली.

कारमध्येही आता हे लागू होतं. २०२३ मध्ये टाटाने अल्ट्रोझला डिकीची जागा वाचवायला एका मोठ्याऐवजी दोन लहान सिलिंडर दिली. ज्याच्या हाताला ‘डिकीतला एक नॉब’ एवढंच माहीत आहे, तो तिथे एकच बंद करेल. तक्त्यात ‘सिलिंडर बंद करा’ असं लिहिलं होतं, ते ‘सगळी सिलिंडर मोजून बंद करा’ असं केलं.

२८ जून

सिलिंडर हायड्रो टेस्टला द्यायचा दिवस जवळ आला. त्याआधी आठवडाभर गाडी गॅसवरच फिरवली. उरलेला गॅस जाळून संपवणं हाच सगळ्यात सुरक्षित मार्ग आहे, आणि सगळ्यात योग्यही. मिथेन तसाच हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशोबात तो त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरतो. जाळला तर गाडी पुढे जाते.

तरीही सिलिंडर शून्याला येत नाही. १० बार उरले असं धरा. ६० लीटरच्या सिलिंडरमध्ये तेवढ्याचा गॅस ६०० लीटरच्या वर होतो. ७ तारखेच्या हिशोबातल्या १२ लीटरशी ताडून पाहिलं की पाइप रिकामा करणं आणि सिलिंडर रिकामं करणं ही दोन वेगळी कामं का आहेत ते कळतं. पाइपातलं आम्ही वर्कशॉपमध्ये करतो, सिलिंडरमधलं टेस्टिंग स्टेशनवर करतात. तिथे उंच नेलेली, अर्थिंग केलेली नळी असते, तिच्यातून गॅस हळूहळू सोडतात. हळू यासाठी की वेगाने सुटणारा गॅस व्हॉल्व्हवर बर्फ धरतो, भोक मधेच तुंबतं, आणि सिलिंडर रिकामं झालं असं वाटतं. शिवाय वेगाने स्थिर वीज साठते.

लाइन रिकामी केली, थांबलो, जोड सोडला. सिलिंडरचा व्हॉल्व्ह मानेवर तसाच, नॉब बंद, तोंडाला टोपी. पट्टे सोडून चौघांनी उतरवलं. सिलिंडरवर कोरलेला नंबर, वजन, मागच्या टेस्टचा महिना-वर्ष मुलांनी वहीत उतरवले आणि गाडीवरच्या प्लेटशी ताडले. नंबर जुळले.

६ जुलै

सिलिंडर पास होऊन आलं. चाचणी पाण्याने का करतात, हा प्रश्न वर्गात आला. पाणी दाबलं तरी फारसं आक्रसत नाही, त्यामुळे चाचणीत सिलिंडर फुटलंच तर पाणी सांडतं. तेवढ्याच दाबाच्या हवेने फुटलं असतं तर इमारत हलली असती.

एक बारकावा मुलांना नवा होता. टेस्टनंतर सिलिंडर आतून वाळवतात, म्हणजे आत हवा असते. त्यावर थेट गॅस भरला तर सुरुवातीला काही काळ आत पेटणारं मिश्रण असतं. म्हणून आधी नायट्रोजन मारून हवा काढायची. स्टेशनने ते केल्याची नोंद कागदावर मागून घेतली.

बसवताना उलटा क्रम. सगळे जोड बसल्यावर बॅटरी जोडली, मग सिलिंडरचा नॉब अगदी हळू उघडला. एकदम उघडला तर रिकाम्या पाइपात दाबाचा झटका बसतो. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावलं. भरायच्या व्हॉल्व्हजवळच्या एका जोडावर बारीक बुडबुडे आले. नॉब बंद, इंजिनाने लाइन खाल्ली, थांबलो, काटा स्थिर, मग जोड उघडून पुसून बसवला. हे सगळं मुलांनी मी न सांगता, पूर्ण क्रमाने केलं. घाईत ‘जरासा आवळू का’ असं कुणी विचारलंही नाही.

तक्त्याचा मजकूर आज पक्का झाला. वर लाइनचा रंगीत नकाशा, खाली पायऱ्या, आणि उजवीकडे एक रिकामा चौकोन: प्रत्येक गाडीसाठी सिलिंडर किती, गेज कुठल्या तुकड्यावर, मधला नॉब आहे का, हे पाना उचलण्याआधी खडूने भरायचं. ऑटोरिक्षाची लाइन आखूड असते आणि व्हॉल्व्ह मागच्या सीटखाली दडलेला असतो. तिचा नकाशा पुढच्या बॅचसोबत काढायचा आहे. मिस्त्री काकांनी एक जुनी रिक्षा मिळवून देतो म्हटलंय.